उनाईचे पाणी ऊन कशाने?

सुरतेत राहून उनाईला कधीच गेला नाही असा माणूस आपल्या वस्तीत विरळाच. कुणी बिलीमोरा-वघईच्या छोट्या गाडीने जाऊन उनाई-वांसदा रोड स्टेशनवर उतरतो, कुणी व्याऱ्याहून रस्त्याने जातो. देवीचे दर्शन, गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळ, येताना खाऊ, असा ठरलेला बेत. सहलीहून आलेली मुले वर्गात हमखास विचारतात, "सर, तिथे खाली ज्वालामुखी आहे का हो?" पालकांच्याही मनात हा प्रश्न असतो, फक्त ते मोठ्याने विचारत नाहीत.

उत्तर आधीच देऊन टाकतो. उनाईखाली ज्वालामुखी नाही. कुणी पाण्यात चूल पेटवलेली नाही, की गंधक जळत नाही. पण मग पाणी तापते कसे, हे समजून घ्यायचे तर आपल्या पायाखालच्या जमिनीत खोल खोल उष्णता कशी वसलेली आहे, ते पाहावे लागेल. गोष्ट जरा लांबची आहे, पण तिच्यात आपल्या सुरतेचे हिरे येतात, हजिऱ्याचा गॅस येतो आणि आपल्या खानदेशातले उनपदेवही येते.

नावातच ऊन

उनाई हे नाव कसे पडले याची एक कथा तिथे सांगतात. दंडकारण्यात शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला होता. श्रीरामांनी जमिनीत बाण मारून गरम पाणी काढले व ऋषींचा रोग बरा झाला. सीतामाईनेही त्या पाण्यात स्नान केले आणि म्हणाली, 'हूं नाही', म्हणजे गुजरातीत 'मी न्हाले'. त्यावरून उनाई. आपल्या मराठी कानांना हे नेमके उलटे ऐकू येते आणि मुलांना हसू फुटते, पण गुजरातीत ते बरोबर आहे.

आता गंमत पाहा. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात, अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून गरम पाण्याची धार पडते, पौषात लोक स्नानाला जातात. तिथेही शरभंग ऋषींचीच कथा सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात आणखी एक उनपदेव आहे. आपल्यापैकी अनेकांची गावे याच पट्ट्यात आहेत, तेव्हा आजी-आजोबांना विचारा, ते जास्त सांगतील.

या नावांकडे भाषेच्या अंगानेही पाहता येते. संस्कृत 'उष्ण' या शब्दाचे मराठीत 'ऊन' झाले. आपण 'ऊन पाणी', 'ऊन ऊन भात' म्हणतो, तेच हे ऊन. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. नकाशात 'उन' दिसले की तिथे गरम पाणी आहे का ते बघावे, बहुधा निघते. आपल्या पूर्वजांनी थर्मामीटर नसताना केलेली ही नोंदच म्हणायची. भारतातल्या गरम झऱ्यांची पहिली मोठी शास्त्रीय यादी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८२ साली छापली. ती थॉमस ओल्डहॅम यांनी गोळा केली होती व तिच्यात सुमारे ३०० झरे होते. गावांची नावे मात्र त्याच्या शेकडो वर्षे आधीची.

वरचे दहा-पंधरा मीटर

जमिनीच्या तापमानाचा विचार करताना पहिले दहा-पंधरा मीटर वेगळे काढावे लागतात, कारण तिथे राज्य सूर्याचे असते.

मे महिन्यात दुपारी शाळेच्या मैदानावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पण वीतभर माती उकरली तर आतली माती बरीच गार लागते. दिवसाची उष्णता मातीत शिरते, पण फार खोल जायच्या आत रात्र होते आणि ती परत वर निघून जाते. अर्ध्या-पाऊण मीटरच्या खाली दिवस आणि रात्र यांतला फरक जवळजवळ कळत नाही.

उन्हाळा-हिवाळ्याची लाट मात्र जास्त खोल जाते, कारण तिला सहा-सहा महिने मिळतात. तीही खाली जाताना मंदावते आणि उशिरा पोहोचते. किती उशिरा? साधारण सहा-सात मीटर खोलीवर ती जवळजवळ अर्धे वर्ष मागे पडलेली असते. म्हणजे वर थंडी पडलेली असताना तिथली माती तिच्या वर्षातल्या सर्वांत उबदार अवस्थेत असते! अर्थात तोपर्यंत हा फरक एखाद्या अंशाचाच उरतो. दहा-पंधरा मीटरला तोही संपतो. तिथे बारा महिने एकच तापमान, आणि ते त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास असते. आपल्या सुरतेत ते सुमारे २७-२८ अंश सेल्सिअस धरावे.

गावाकडच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात कोमट का लागते, ते आता कळले असेल. पाणी बदलत नाही. आपले अंग आणि भोवतालची हवा बदलते. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदत, त्यामागेही जमिनीचा हाच गुण होता. आत ऊन नाही, थंडी नाही.

मात्र यावरून आपल्याकडे एक समजूत पक्की झालेली आहे, की 'जितके खोल तितके गार'. पंधरा मीटरपर्यंत, आणि तेही उन्हाळ्यात, ती खरी आहे. त्याखाली ती चुकीची आहे. बोअर आणखी खाली नेले म्हणजे पाणी गार लागेल असे सांगून कुणी पैसे मागत असेल तर पालकांनी सावध असावे. जादा खोल नेल्याने पाणी मिळेल किंवा मिळणार नाही, तो प्रश्न वेगळा, पण गार तर नक्कीच होणार नाही.

त्याखाली काय?

पंधरा मीटरखाली सूर्याचे राज्य संपते आणि पृथ्वीचे स्वतःचे सुरू होते. तिथून खाली जावे तसे तापमान वाढतच जाते. वाढीचा वेग जागोजागी निराळा असतो, पण सर्वसाधारणपणे एक किलोमीटर खाली गेल्यावर २५ ते ३० अंश वाढतात. म्हणजे ३५-४० मीटरला एक अंश. रिंगरोडवरची एखादी बारा मजली कापड मार्केटची इमारत उलटी करून जमिनीत पुरली, तर तिच्या शेवटच्या मजल्यावर वरच्यापेक्षा एक अंश जास्त. इतके हळू. म्हणून तर आपल्याला रोजच्या जगण्यात हे जाणवत नाही.

खाणीत उतरणाऱ्या माणसाला मात्र जाणवते. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. त्यांतली चॅम्पियन रीफ खाण सव्वातीन किलोमीटरच्या आसपास खोल गेली होती आणि तळाशी खडकाचे तापमान सुमारे ६५ अंश होते. हात लावला तर चटका बसेल असा तो खडक. वरून थंड केलेली हवा सतत सोडल्याशिवाय तिथे माणूस काम करूच शकत नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग खाण जवळजवळ चार किलोमीटर खोल आहे, तिथे चक्क बर्फाचा लगदा पंपाने खाली पाठवतात. आपल्या अंगावरच्या दागिन्यातले सोने कुठून आणि कोणाच्या घामातून आले, हे एकदा मनात आणून पाहावे.

माणसाने खोदलेले सर्वांत खोल भोक रशियात कोला द्वीपकल्पावर आहे. १९७० साली काम सुरू झाले आणि १९८९ मध्ये १२,२६२ मीटर खोली गाठली. शास्त्रज्ञांचा अंदाज होता की तळाशी १०० अंशांच्या आसपास तापमान असेल. निघाले १८० अंश! खडक इतका नरम झाला की खोदलेले भोक टिकेना. १५ किलोमीटरचा बेत सोडून द्यावा लागला व १९९२ मध्ये खोदाई थांबली.

जर्मनीतही असेच एक खोल भोक १९९४ पर्यंत खोदले, ९,१०१ मीटरचे. कोलापेक्षा ते तीन किलोमीटरने उथळ. तरी तळाचे तापमान २६० अंशांच्या वर. म्हणजे कमी खोल, पण जास्त गरम. पृथ्वी एकच, मग हा फरक का?

ही उष्णता येते कुठून?

फरकाचे कारण पाहण्याआधी मूळ उष्णता कुठून येते ते पाहू. तिचे दोन वाटे आहेत. एक वाटा पृथ्वी जन्मली तेव्हाचा, अजून आत शिल्लक राहिलेला. दुसरा वाटा आजही रोज तयार होतो. खडकांमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये अगदी किंचित प्रमाणात असतात. त्यांचे अणू आपोआप मोडत राहतात आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता बाहेर पडते. आपल्या शेजारच्या काकरापार अणुवीज केंद्रातही युरेनियमच लागते, पण तिथे अणू मुद्दाम फोडून भराभर उष्णता काढतात. खडकातले अणू आपल्या मर्जीने, कोट्यवधी वर्षे सावकाश मोडत बसतात.

किती सावकाश, याचा हिशोब करा. एक घनमीटर ग्रॅनाईटमधून साधारण अडीच वॅटचा दहा लाखावा भाग एवढी उष्णता निघते. म्हणजे एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटर उंच असा ग्रॅनाईटचा डोंगर घेतला, तर त्यातून मिळणार अडीच हजार वॅट. घरातल्या एका गीझरएवढी! आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ही मूलद्रव्ये आणखी कमी, ग्रॅनाईटच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही थोडी. पण डोंगर एक नसतो. पृथ्वीचे कवच आपल्याकडे ३५-४० किलोमीटर जाड आहे, आणि वेळ तर अफाट आहे.

या आतल्या उष्णतेचा जमिनीतून बाहेर पडणारा ओघ फारच बारीक असतो. खंडांवर दर चौरस मीटरला सरासरी ६५ मिलिवॅटच्या आसपास. आपल्या शाळेचे मैदान हजार चौरस मीटरचे धरले तर त्या सबंध मैदानातून निघणारी पृथ्वीची उष्णता जुन्या पद्धतीच्या एका साठ वॅटच्या दिव्याएवढी भरते. सूर्य त्याच मैदानावर दुपारी लाखो वॅट ओततो. म्हणून हवामान सूर्य ठरवतो, पृथ्वीची आतली ऊब नव्हे.

खडक हा उष्णतेचा वाहक म्हणून फार आळशी आहे. एक किलोमीटर जाडीच्या खडकातून उष्णतेचा फरक पलीकडे पोहोचायला सुमारे ३०,००० वर्षे लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लॉर्ड केल्विन या थोर ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८६२ साली याच तापमानवाढीवरून पृथ्वीचे वय काढले होते. तप्त गोळा थंड होत होत आजच्या स्थितीला यायला किती काळ लागेल, असे साधे गणित. उत्तर आले २ कोटी ते ४० कोटी वर्षे. गणितात चूक नव्हती, पण दोन गोष्टी हिशोबातून सुटल्या होत्या. खडकात नवी उष्णता तयार होते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. आणि कवचाखालचा घन खडकसुद्धा अतिशय मंद गतीने खालीवर सरकत उष्णता वर आणतो, हेही त्याने धरले नव्हते. ही दुसरी शंका त्याचाच जुना साहाय्यक जॉन पेरी याने १८९५ मध्ये मांडली होती. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. गुरूच्या गणितात शिष्याने खोट काढली, याचे मला मोठे कौतुक वाटते.

हुशार विद्यार्थी इथे एक प्रश्न विचारतील. किलोमीटरला ३० अंश, तर १०० किलोमीटरला ३,००० अंश? तसे असते तर खालचा सगळा खडक वितळला असता. पण भूकंपाच्या लहरी सांगतात की कवचाखालचा थर घनच आहे. म्हणजे तापमानवाढीचा वेग खाली कमी होत जातो. कारण उष्णता निर्माण करणारी मूलद्रव्ये बहुतांशी वरच्या कवचात एकवटली आहेत. त्यांच्या खाली गेले की त्यांचा वाटा मागे राहतो. कवचाच्या तळाशी जुन्या, थंड प्रदेशात तापमान ४०० अंशांच्या आसपास असते, तर तापलेल्या प्रदेशात ते ७०० अंश किंवा जास्तही भरते.

एकाच गोधडीत सगळे नाहीत

आता जागोजागीच्या फरकाकडे येऊ. पहिले कारण आपल्या गोधडीसारखे आहे. अंगाची ऊब तेवढीच, पण पातळ चादर घेतली तर ती लवकर निघून जाते, जाड गोधडी घेतली तर आत कोंडून राहते. ग्रॅनाईट उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतो. चिकणमातीचे दगड झालेले थर तिला अडवून धरतात, निम्म्याच वेगाने जाऊ देतात. खालून येणारा ओघ दोन्हीकडे सारखाच, ६० मिलिवॅट, असला तरी ग्रॅनाईटमध्ये किलोमीटरला २० अंश वाढतील आणि चिकणमातीच्या थरात ४०.

दुसरे कारण म्हणजे कवचाचा इतिहास. कोलारचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना, निवलेला. तिथे किलोमीटरला १३-१४ अंशच वाढतात. आपल्या उत्तरेला खंभातच्या आखाताभोवतीचा पट्टा मात्र निराळा. तिथे कवच ताणले जाऊन खचले, खाली उष्णता जवळ आली आणि वर चिकणमातीच्या थरांची जाड गोधडी साठली. दोन्ही कारणे एकत्र! तिथे कित्येक ठिकाणी किलोमीटरला ४० अंशांहून अधिक वाढ मोजली गेली आहे. सुरत या पट्ट्याच्या दक्षिण टोकाशी आहे.

याचा उपयोग काय, असे विश्वस्त मंडळी विचारतील. उपयोग असा की गुजरातेत तेल आहे! समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळात गाडले जातात आणि तो गाळ साधारण ६० ते १२० अंशांपर्यंत तापला की त्यांचे खनिज तेल बनते. त्याहून जास्त तापला तर वायू. कोलारसारख्या थंड कवचात ६० अंश गाठायला दोन किलोमीटरहून खूप खाली जावे लागेल. किलोमीटरला ४० अंश वाढत असतील तर तेच तापमान आठ-नऊशे मीटरवर मिळते. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. हजिऱ्याच्या कारखान्यात येणारा समुद्रातला वायूही अशाच तापलेल्या थरांतला. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल या उष्णतेवर चालते, म्हटले तर दोन्ही अर्थांनी.

आणि हिरे? ते याच्या अगदी उलट. हिरा कवचात बनत नाही, त्याच्याही खाली, दीडशे किलोमीटरच्या आसपास बनतो. तिथे दाब प्रचंड हवा, पण तापमान बेताचे हवे. तापमान जास्त झाले तर तोच कार्बन हिरा न होता पेन्सिलीतले ग्रॅफाईट होतो. एवढ्या खोलीवर 'बेताचे' तापमान असते ते फक्त जुन्या, थंड, जाड प्रदेशांखाली. म्हणून हिऱ्यांच्या खाणी दक्षिण आफ्रिकेत, सैबेरियात, कॅनडात, आपल्याकडे मध्य प्रदेशात पन्न्याला. वराछा-कतारगामला घंटीवर बसून काका जो कच्चा दगड घासतात, तो दूरदेशीच्या थंड भूमीचा पुरावाच असतो. सुरतेच्या मातीत तेलाच्या शेजारचे थर आहेत, हिरा नाही. आणि तरीही जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला इथेच येतात!

मग उनाई, उनपदेव

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. दख्खनचा काळा खडक हा लाव्हाच आहे, हे तुम्ही भूगोलात शिकलात. उनाई आणि डांगचे डोंगर, खानदेशातली काळी माती, सगळी त्याचीच. मग त्या लाव्ह्याची उष्णता उरली असेल का? तो लाव्हा ओतला गेला ६.६ कोटी वर्षांपूर्वी. एक किलोमीटर खडकातून उष्णता जायला ३०,००० वर्षे, हे आठवा. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट होतो. त्या हिशोबाने दहा किलोमीटर जाडीचा तप्त खडकसुद्धा तीसेक लाख वर्षांत निवतो. ६.६ कोटी वर्षांत तर त्या चुलीची राखही थंड झाली.

गरम पाण्याला लागते फक्त एक भेग. डोंगरावर पडलेले पाऊसपाणी खडकातल्या खोल भेगेत उतरते. आपण पाहिलेच की खाली जावे तसा खडक तापलेला असतो. वरचे पाणी २७ अंशांचे, किलोमीटरला ३० अंशांची वाढ, तर सव्वा किलोमीटर खाली गेलेले पाणी साठीच्या पुढे जाते. प्रत्यक्षात ते याहूनही खोल जात असले पाहिजे, कारण वर येताना काही उष्णता वाटेत जाते. महत्त्वाची अट अशी की दुसऱ्या भेगेने ते चटकन वर आले पाहिजे. रेंगाळले तर वाटेतच निवेल. अशी उतरायची आणि चढायची दोन्ही वाट असणाऱ्या जागा थोड्या, म्हणून गरम झरे थोडे.

या भेगा कुठेही नसतात. कोकणात सह्याद्रीला समांतर अशी सुमारे साडेतीनशे किलोमीटरची झऱ्यांची रांग आहे, सातिवली, वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत. तिथल्या पाण्याचे तापमान ३४ पासून ७० अंशांपर्यंत भरते आणि तपासणीत ते मुख्यतः पावसाचेच पाणी असल्याचे दिसले आहे. हीच रांग मनाने उत्तरेकडे ओढत न्या, उनाई जवळपास त्याच रेषेवर लागते. दुसरी मोठी भेगांची रेषा नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांतून पूर्वेकडे जाते. आपल्या उधना-जळगाव रेल्वेत खिडकीशी बसून नंदुरबार-अमळनेरकडे जाताना उत्तरेला जो सातपुडा भिंतीसारखा उभा दिसतो, त्याच्या पायथ्याशी या भेगा आहेत, आणि दोन्ही उनपदेव तिथेच आहेत. हीच रेषा पुढे छत्तीसगडमध्ये तातापानीपर्यंत जाते. तिथे साडेतीनशे मीटरच्या विंधनविहिरीत ११२ अंशांचे पाणी लागले आहे.

गंधकाचे काय? काही झऱ्यांना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाच्या वायूचा. पण गंधकाने पाणी तापत नाही. तापलेले पाणी खडकातले क्षार आणि गंधक विरघळवून वर आणते. कारण आणि परिणाम यांची इथे अदलाबदल होते. त्वचेचे रोग बरे होतात की नाही, ते डॉक्टरांना विचारावे. उपचार सोडून कुंडावर अवलंबून राहू नये, एवढे मात्र मी सांगेन. आणि लहान मुलांना कुंडाच्या कडेला एकटे सोडू नये. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत भाजते. आधी बादलीत काढून, गार पाणी मिसळून, कोपराने पाहून मगच अंगावर घ्यावे.

भूकंप आणि वीज

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिथे जमिनीच्या आत काय चालते ते पाहण्यासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक २०१७ मध्ये पूर्ण झाले. वरचा काळा खडक सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाईटसारखा जुना खडक लागतो. अशा भोकात तापमान मोजण्याला महत्त्व आहे. खडक थंड असतो तोवर ताण आल्यावर काडकन मोडतो, तोच भूकंप. साधारण ३०० ते ३५० अंशांच्या पुढे ग्रॅनाईटसारखा खडक मोडण्याऐवजी वाकू लागतो. म्हणून कवच जितके तापलेले, तितके भूकंप उथळ. कोयनेचे भूकंप बहुतेक दहा किलोमीटरच्या आतले. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने आपल्या सुरतेतही इमारती कोसळल्या. त्याचे नंतरचे धक्के तीस किलोमीटरहून खोल नोंदले गेले. तिथला खडक तेवढ्या खोलीवरही मोडण्याइतका कणखर आहे, असा त्याचा अर्थ. धक्का बसला की 'उनाईचा ज्वालामुखी जागा झाला' अशी अफवा उठवणाऱ्यांना हे सांगता येईल.

भूगर्भातल्या उष्णतेवर वीज करता येते का? येते. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली पहिल्यांदा अशा वाफेवर दिवे लावले गेले. आपल्या देशात लडाखमधील पुगा ही सर्वांत आशेची जागा. त्यासाठी २०२१ मध्ये ओएनजीसीने करार केला आहे. गुजरातेत गांधीनगरच्या पंडित दीनदयाळ विद्यापीठातल्या भूऔष्णिक केंद्राने धोलेऱ्याला विहिरी घेऊन अभ्यास केला आहे. उनाईच्या पाण्यावर मोठी वीज होईल असे मला वाटत नाही, ते तेवढे तापलेले नाही. पण धान्य वा फळे वाळवण्याइतकी ऊब त्यात नक्की आहे, आणि आज ती कुंडातून वाहून जाते.

करून पाहा

इयत्ता सातवी ते नववीच्या मुलांनी हा प्रयोग मैदानाच्या कोपऱ्यात शिक्षकांना सांगून करावा. पहारीने तीन भोके पाडा, एक बोटभर, एक वीतभर आणि एक हातभर खोल. प्रयोगशाळेतला लाल द्रवाचा थर्मामीटर घ्या, तापाचा चालणार नाही. त्याच्या टोकाला मेणबत्तीचे मेण लावा, म्हणजे वर काढताना आकडा लगेच बदलणार नाही. दोरीने आत सोडून वर कापडाचा बोळा घाला व पंधरा मिनिटे थांबा. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी दोन वाजता, असे आठवडाभर आकडे लिहा. कोणत्या भोकात फरक सर्वांत कमी पडला?

ज्यांच्या सोसायटीत बोअर आहे त्यांनी पाणी चालू झाल्यावर पहिली पाच मिनिटे सोडून द्यावीत, कारण ते पाइपात तापलेले असते. मग मोजावे. तोच नळ, तीच वेळ, एकदा मे महिन्यात आणि एकदा जानेवारीत. बोअरची खोली वडिलांना विचारून शेजारी लिहायला विसरू नका. वह्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्या.